राखून ठेवलेली रायफल

"चौघं," ऑर्व्हिल झास्ट्रो म्हणाला, आणि शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं की आपण खोटं बोललो. दुकानातल्या ब्रिटानं विचारलं होतं ते अगदी सहज. हरणांच्या शिकारीच्या सीझनला कुठे जाता, किती जण असता, एवढंच. ऑक्टोबरात मिलवॉकीतल्या बंदुकांच्या दुकानात हा प्रश्न म्हणजे जेवलात का विचारण्यासारखा. उत्तर द्यायचं आणि विसरायचं. तिनं मान हलवली, "चौघं म्हणजे छान, पत्ते खेळायला पुरे," म्हणाली, आणि काउंटरवरची रायफल त्याच्याकडे सरकवली. ऑर्व्हिलनं ती हातात घेतली, पण हात काय घेतायत याच्याकडे त्याचं ध्यान नव्हतं. चौघं. हार्लनला जाऊन चार वर्षं झाली. लाइल दोन वर्षांमागे मार्चमध्ये गेला, जमीन गोठलेली होती म्हणून त्याला पुरायला एप्रिल उजाडला. नॉर्बर्ट म्हाताऱ्यांच्या घरात आहे आणि त्याला आता नळाचं पाणीही ऐकू येत नाही. मग चौघं कोण म्हणालं? जीभ म्हणाली. तेवीस वर्षं ती तेच म्हणत आली होती. तिला कुणी कळवलंच नव्हतं.

"उचलून बघा ना," ब्रिटा म्हणाली. "तिसऱ्यांदा आलात तुम्ही मिस्टर झास्ट्रो. चौथ्यांदा आलात तर मी तिला तुमचं आडनाव लावीन."

"बायकोला आवडणार नाही," तो म्हणाला. हेही सवयीनंच. मार्लिस सहा वर्षांपूर्वी गेली होती.

त्यानं रायफल खांद्याला लावली. उजव्या खांद्याला, जिथे दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तुटलेला स्नायू दोऱ्यानं शिवून हाडाला बांधला होता. दस्ता त्या जागी असा बसला की जणू कुणी माप घेऊन केला असावा. लाकूड नव्हतं. काळं ॲल्युमिनियम, काळं प्लॅस्टिक, दस्ता आत बाहेर सरकवता येणारा. आत एक बारीक दट्ट्या होता, गोळी सुटली की तिच्याच वायूच्या जोरावर तो मागे जायचा, जुनं काडतूस बाहेर फेकायचा आणि दुसरं नळीत चढवून परत जागेवर यायचा. माणसानं फक्त चाप ओढायचा. त्या मागे जाण्यात धक्क्याचा निम्मा भाग खाल्ला जातो, असं ब्रिटानं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं आणि ऑर्व्हिलला ते सांगण्याची गरज नव्हती. अडतीस वर्षं त्यानं कारखान्यात दातेरी चाकं कापली होती. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी चूक त्याच्या बोटाला डोळ्यांआधी कळायची. त्यानं काडतूस चढवायचा बोल्ट मागे ओढला आणि सोडला. आवाज एकच आला, तुटक, कोरडा, मागे काही खुळखुळलं नाही. हे कुणीतरी नीट केलेलं काम आहे, असं त्याला वाटलं, आणि काम नीट केलेलं पाहिलं की पूर्वी जो आनंद व्हायचा तो थोडा झालाही.

"चाप ओढू?" त्यानं विचारलं. रिकाम्या बंदुकीचासुद्धा चाप विचारल्याशिवाय ओढायचा नसतो.

"ओढा की."

टक् झालं. कुठे अडलं नाही, कुठे घासलं नाही.

"बत्तीसशे डॉलर," ब्रिटा म्हणाली. "दुर्बीण वेगळी. मी उगाच गोड बोलणार नाही. निम्म्या किमतीतही चांगली मिळेल. पण खांद्याचं ऑपरेशन झालेले तिघं ही घेऊन गेलेत आणि एकही परत करायला आला नाही."

"तिघंही जिवंत आहेत ना?"

ती हसली. तिशीची असेल, कोपरापर्यंत बाह्या सरसावलेल्या, हाताला बंदुकीच्या तेलाचा वास. "दोघं आहेत," ती म्हणाली. "तिसरा बायकोच्या हातून गेला म्हणतात, बंदुकीचा दोष नाही." मग तिनं आवाज खाली आणला. "एक सांगते. ही एकच उरलीय. वॉसॉहून एकाचा सकाळपासून दोनदा फोन आलाय. आज सहाला आम्ही बंद करतो, तोपर्यंत तुमच्या नावानं राखून ठेवते. फोन करा नाहीतर या. सहानंतर त्याची."

तिनं एक पिवळी चिठ्ठी घेतली, तिच्यावर झास्ट्रो असं लिहिलं आणि दोऱ्यानं चापाच्या कड्याला बांधली. ऑर्व्हिल बघत राहिला. रुग्णालयात मेलेल्याच्या पायाच्या अंगठ्याला बांधतात तशी, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचा त्यालाच राग आला. हल्ली सगळ्या गोष्टी तिकडेच वळत होत्या.

बाहेर तळ्याकडून वारा येत होता. तो पिकअपमध्ये बसला आणि किल्ली न फिरवताच बसून राहिला. काचेवर मेपलचं एक पान चिकटलं होतं. पावणेतीन वाजले होते. घरी गेलं तर स्वयंपाकघरात सकाळची कपबशी होती, टेबलावर जाहिरातींची पत्रं होती, आणि बुधवारचं सूप. बत्तीसशे त्याच्याकडे होते, तो प्रश्न नव्हता. मुलगी सिअ‍ॅटलहून दर रविवारी फोन करायची, ती म्हणाली असती, घ्या ना बाबा, स्वतःसाठी काहीतरी घ्या. आणि पुढच्याच वाक्यात म्हणाली असती, पण ती रानातली केबिन विका आता, एकटं जाऊ नका तिथे, पडलात बिडलात तर. रायफल घे आणि जाऊ नकोस. तिच्या प्रेमात हे दोन्ही बसायचं. ऑर्व्हिलच्या मनात मात्र रायफल आणि जाणं एकच होतं. ही घेतली तर अजून आठ दहा वर्षं आपण जाणार असं म्हटल्यासारखं होतं. नाही घेतली तर जुनी घेऊन जाता येणार नाही, हे गेल्या नोव्हेंबरात ठरून गेलं होतं. त्याचं त्यानंच ठरवलं होतं. म्हणजे मग काहीच नाही. म्हणजे सीझनचे नऊ दिवस या शहरात, खिडकीशी.

जुनी रायफल त्याच्या वडलांची होती, खालचं कडं पुढे ढकलून परत ओढायची जात. तिचा आवाज जाड होता, शेवटी थोडा घसरणारा, कुणी लोखंडी दार लोटावं तसा. हे ऑर्व्हिलला स्वतःला माहीत नव्हतं. झाडणाऱ्याला आपल्या बंदुकीचा आवाज कधी नीट ऐकू येत नाही, त्याला फक्त धक्का कळतो. हे त्याला इतरांनी सांगितलं होतं. उत्तरेला, केबिनभोवतीच्या रानात, ते चौघं पहाटे अंधारातच वेगवेगळ्या वाटांनी जायचे आणि अर्ध्या अर्ध्या मैलावर आपापल्या मचाणात बसायचे. दिवसभर कुणी कुणाला दिसायचं नाही. नारिंगी कोट, गुडघ्यावर बंदूक, थर्मासमध्ये कॉफी, बोटं आखडलेली. पण कुठे गोळी सुटली की बाकीच्या तिघांना कळायचं. हार्लनची टणक, दगडावर दगड मारल्यासारखी. लाइलची मोठी, पोकळ, आणि बहुतेक वेळा लागोपाठ दोनदा, कारण लाइलची पहिली कधी लागायचीच नाही. नॉर्बर्टची हलकी. संध्याकाळी चुलीपाशी मोजे वाळत घालताना बोलणं तिथूनच सुरू व्हायचं. "साडेआठला ऑर्व्हिल. एकच. पडलं असणार." "सव्वादहाला दोन, म्हणजे लाइलनं झाडं मारली." तिथे बसलेल्या माणसानं दिवसभर तोंडातून शब्द काढलेला नसायचा, आणि तरी त्याचा सगळा दिवस बाकीच्यांना ठाऊक असायचा. ऑर्व्हिलनं याचा कधी विचार केला नव्हता. मचाणात तासन् तास बसून आपल्याला एकटं कसं वाटत नाही, हे त्याला कोडं वाटायचं नाही, कारण प्रश्नच पडला नव्हता. घरी मार्लिस शेजारच्या खोलीत असताना त्याला कितीदा एकटं वाटलं होतं. रानात कधी नाही.

लाइल गेल्यावरच्या पहिल्या सीझनला तो एकटा गेला. आठव्या दिवशी एक हरण पाडलं, स्वच्छ, एका गोळीत, आणि ते ओढत आणताना खांदा फाटला. डिसेंबरात ऑपरेशन झालं. गेल्या वर्षी तो दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्या दिवशी, चारच्या सुमारास, उजेड राखाडी होत आला होता. दूरच्या कुठल्या तरी कॅम्पातले बार सकाळी ऐकू आले होते, भिंतीपलीकडच्या टीव्हीसारखे. दुपारनंतर तेही नाहीत. बर्फ पडायच्या आधी रान गप्प होतं तसं झालं होतं. स्प्रूसच्या झाडांमागे काहीतरी तपकिरी हललं. त्यानं गोळी झाडली. मग रक्त सापडलं, पण ते गडद होतं आणि त्यात हिरवं काही मिसळलेलं होतं, आणि ते काय आहे हे न कळायला तो नवशिका नव्हता. गोळी पोटात बसली होती. असं जनावर लवकर मरत नाही. तो टॉर्च घेऊन दलदलीच्या कडेपर्यंत गेला. तिथे पाणी लागलं आणि माग संपला. रात्री बर्फ पडलं. सकाळी सगळीकडे पांढरं, कुठेच काही झालेलं नाही असं. तो आणखी दोन दिवस शोधत राहिला, मग केबिनला कुलूप लावून घरी आला.

खांद्यानं केलं. हे त्यानं परतीच्या वाटेवरच ठरवलं होतं, रस्त्यात कॉफी प्यायला थांबला तिथे. शिवलेला खांदा धक्क्याला भ्याला, चाप ओढतानाच आकसला, नळी खाली गेली, गोळी पोटात. यंत्राचा हिशेब होता, पटण्यासारखा. धक्का कमी केला की भीती जाईल, भीती गेली की नेम येईल. सगळा हिवाळा त्यानं हा हिशेब उशाशी घेऊन काढला. उन्हाळ्यात तो मासिकं चाळायला लागला. सप्टेंबरात या दुकानात पहिल्यांदा आला. आणि आता ती काळी, सुरेख, अचूक वस्तू त्याच्या नावाची चिठ्ठी लावून भिंतीला टेकून उभी होती आणि त्याला तिची किंमत पटलेली होती. मग किल्ली का फिरत नव्हती? परत आत जायला वीस पावलंही नव्हती.

त्यानं किल्ली फिरवली आणि पिकअप नॉर्बर्टकडे नेली. ईस्टरनंतर तो तिकडे गेला नव्हता.

म्हाताऱ्यांच्या त्या घरात उकडलेल्या कोबीचा आणि फरशीच्या पॉलिशचा वास असायचा. नॉर्बर्ट पिएखोव्स्की मोठ्या खोलीत खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर चौकटीचं पांघरूण. पलीकडे एक बाई टेबलावर चित्राचे तुकडे जुळवत होती. कोपऱ्यात दोघं जण टीव्हीसमोर झोपले होते. ऑर्व्हिलला पाहून नॉर्बर्टनं भुवया वर केल्या.

"मला वाटलं तू मेलास," तो मोठ्यानं म्हणाला. बहिऱ्यांचा आवाज असतो तसा, खोलीभर. "इथे कुणी सांगत नाही. मीच धरून चाललो."

"फुलं पाठवलीस का?"

"काय?"

"फुलं!"

"फुलं कशाला आणलीस? खायला काही आणायचं. हे लोक मीठ देत नाहीत."

ऑर्व्हिल खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसला. नॉर्बर्टच्या कानातून केस आले होते आणि ऐकायचं यंत्र बशीत पडलं होतं. "ते घाल ना कानात," ऑर्व्हिलनं खुणेनं सांगितलं.

"त्यात शिट्टी वाजते. आणि घालून ऐकायचं काय? ती ग्लॅडिस तिथे दिवसभर म्हणते, निळा तुकडा कुठे गेला, निळा तुकडा कुठे गेला. सगळं आकाशच निळं आहे बये, कुठलाही लाव!"

"मला ऐकू येतं हं," टेबलावरची बाई मान वर न करता म्हणाली.

ऑर्व्हिलनं खिशातून कागद काढून त्यावर रायफलचं चित्र काढलं, कारखान्यात काढायचा तसं, बाजूनं, माप घालून. खाली किंमत लिहिली. नॉर्बर्टनं कागद नाकाजवळ धरला आणि मग लांब धरला.

"बत्तीसशे! एवढ्यात तर मला नवीन गुडघा बसवून मिळाला होता, वर सात दिवस आइसक्रीम. आणि ही तर त्या टीव्हीतल्या शिपायांची बंदूक. हार्लननं तुला दारातूनच परत धाडलं असतं. पत्र्याचा डबा घेऊन आलास म्हणाला असता."

"धक्का कमी बसतो. खांद्याला."

"काय?"

"खांद्याला बरं! गेल्या वर्षी खांद्यामुळे नेम चुकला!"

"काय चुकला?"

टीव्हीपाशी झोपलेल्यांपैकी एक जागा झाला आणि बघू लागला. ऑर्व्हिलचा चेहरा तापला. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती, मुलीलाही नाही, आणि आता ती म्हाताऱ्यांनी भरलेल्या खोलीत ओरडून सांगावी लागत होती. तो नॉर्बर्टच्या कानाजवळ वाकला. "एक हरण पोटात मारलं मी! सापडलं नाही!"

नॉर्बर्टच्या तोंडावरची थट्टा गेली. हे त्याला ऐकू आलं होतं. त्यानं कागद मांडीवर ठेवला.

"कसा होता शॉट?"

"वाईट. मागे झाडं होती. उजेड गेला होता."

"काय?"

"नीट दिसत नव्हतं!"

"मग झाडलीस कशाला?"

ऑर्व्हिलनं तोंड उघडलं. खांदा म्हणायचं होतं. पण दिसत नव्हतं हे तर खांद्याच्या आधीचं होतं. चाप ओढण्याच्या, आकसण्याच्या, सगळ्याच्या आधीचं. हिवाळाभर जो हिशेब त्यानं केला तो मधूनच सुरू होत होता, आणि त्याच्या आधीचं पान त्यानं उलटलंच नव्हतं. नॉर्बर्ट त्याच्या ओठांकडे बघत होता, बहिरा माणूस बघतो तसा, पापणी न हलवता. ऑर्व्हिल त्या संध्याकाळच्या मचाणात परत जाऊन बसला. गुडघे दुखत होते. कॉफी संपली होती. आणि काय होतं? काही नव्हतं. दिवसभर काही नव्हतं. सकाळी सातपासून त्यानं कान लावले होते, हार्लनच्या बाजूला, लाइलच्या बाजूला, आणि ते कान लावणं आपण करतोय हेसुद्धा त्याला कळलं नव्हतं. तपकिरी काही हललं तेव्हा त्याला हरण पाडायचं नव्हतं. त्याला वाटलं होतं की आता बार होईल, आणि कुणीतरी कुठेतरी म्हणेल, चारला ऑर्व्हिल.

"मला आवाज हवा होता," तो म्हणाला.

"काय?"

"आवाज!" तो ओरडला. "मला आवाज हवा होता म्हणून झाडली! काही दिसत नव्हतं मला! मला फक्त आवाज करायचा होता!"

टेबलावरच्या बाईच्या हातात एक तुकडा तसाच राहिला. पांढऱ्या कोटातली एक मदतनीस दारात येऊन, सगळं ठीक आहे ना असं बघून गेली. ऑर्व्हिल आपल्या हातांकडे बघत बसला. ते हात मोठे होते, डागाळलेले, आणि अडतीस वर्षांत त्यांनी एकदाही माप न घेता काही कापलं नव्हतं.

नॉर्बर्टनं मांडीवरचा कागद घडी करून बाजूला ठेवला. मग तो म्हणाला, "शर्ट बाहेर काढ."

"इथे?"

"काढ म्हणतो ना गाढवा."

हरण चुकलं की त्या कॅम्पात शर्टाची शेपटी कापायचे. चुकलेल्याला टेबलावर पालथा घालायचे, मागचा पल्ला कात्रीनं कापायचे आणि नाव आणि साल लिहून तुळईला खिळ्यानं ठोकायचे. लाइलचे अकरा पल्ले होते. त्याची बायको शेवटी त्याला सीझनसाठी वेगळे शर्ट घेऊन द्यायची, जत्रेतले, स्वस्त. ऑर्व्हिलचा एकच होता, तिसऱ्या वर्षीचा. त्या रात्री एवढी दारू आणि हसणं झालं होतं की मान खाली घालायला कुणाला वेळच मिळाला नव्हता. चुकणं तिथे असं उडवून लावत. गेल्या वर्षी तुळईखाली तो एकटा उभा राहिला होता, कात्री खिळ्याला टांगलेली होती, आणि आपलाच पल्ला आपण कसा कापणार?

त्यानं शर्ट विजारीतून बाहेर काढला. नॉर्बर्टनं पल्ला पकडला आणि हाक मारली, "कात्री! कात्री आणा कुणीतरी!"

"कात्री नाही मिळायची तुम्हाला मिस्टर पिएखोव्स्की," मदतनीस बाहेरूनच म्हणाली.

"काय म्हणते ती?"

"नाही म्हणते."

"नखं कापायलासुद्धा बाई ठेवलीय यांनी," नॉर्बर्ट कुरकुरला. त्यानं शेजारच्या जेवणाच्या ताटलीतली प्लॅस्टिकची सुरी घेतली आणि तिनं कापड कापायला लागला. सुरी वाकली. कापडाला सुरकुती पडली, बस. ग्लॅडिसला हसू आलं. "जोर करा," ती म्हणाली. "माझे यजमान कोंबडीसुद्धा असंच कापायचे." नॉर्बर्टनं आणखी दोनदा प्रयत्न केला, मग सुरी टाकून दिली, पण पल्ला सोडला नाही. त्याची मूठ तशीच राहिली, शर्टाचं कापड धरून, आणि ऑर्व्हिलही वाकलेला तसाच राहिला, पाठ दुखत होती तरी.

"सीझनचे नऊ दिवस मी चारला उठतो," नॉर्बर्ट म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान झाला होता. "ते मला परत झोपायची गोळी देतात. मी ती जिभेखाली धरतो."

"मला सांगायचंस."

"काय?"

"काही नाही."

"घे नाहीतर नको घेऊस तो डबा," नॉर्बर्ट म्हणाला. "तुझे पैसे. पण खांद्यावर ढकलू नकोस. खांदा बिचारा शिवून परत कामाला लागला." त्यानं मूठ सोडली. कापडावर त्याच्या बोटांच्या चुण्या राहिल्या. "आणि पुढच्या वेळी मीठ आण."

ऑर्व्हिल घरी पोचला तेव्हा पाच वाजून गेले होते. त्यानं कपबशी विसळली. सूप तापायला ठेवलं. मग बंद केलं. टेबलाशी बसून त्यानं ती रायफल डोळ्यांपुढे आणली, कारण तिला एकदा नीट वागवायचं त्याच्या मनात होतं. तिचा काही दोष नव्हता. ती बत्तीसशेची होती, पैन् पै. दुसरं कुणी विचारलं असतं तर त्यानं घे म्हणून सांगितलं असतं. तिच्यात आठ दहा वर्षं होती, आणि ती खरीच होती. खांदा दुखला नसता, नेम हलला नसता. मग त्यानं ती हातात देऊन स्वतःला परत मचाणात बसवलं, येत्या नोव्हेंबरात, तिसऱ्या दिवशी, चारला, उजेड जाताना. थर्मास रिकामा. हार्लनची बाजू गप्प. लाइलची बाजू गप्प. आणि एक बार. तो रानात गेला, झाडांत शिरला, दलदलीवर पसरला आणि संपला. कुणी काही म्हटलं नाही. गेल्या वर्षी इथवरच झालं होतं, कारण जुन्या बंदुकीला परत भरायला कडं ढकलावं लागतं, आणि ते ढकलताना खांद्यात कळ आली, कळ आली म्हणून माणूस भानावर आला. हिला काही ढकलावं लागत नाही. हिच्यात दुसरी गोळी आधीच चढलेली असेल. आणि तिसरी. दहा गोळ्यांचं मॅगझीन. न दुखवता. बोट फक्त एवढंसं हलवायचं आणि दुसरा आवाज, आणि दुसऱ्यालाही कुणी काही म्हटलं नाही तर तिसरा. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत त्याचं तर्जनीचं बोट हललं. त्यानं ते पाहिलं. टेबलाच्या कडेला, एकदा, आणि पुन्हा एकदा. त्यानं दुसऱ्या हातानं ते झाकलं. म्हणजे एकानं भागलं नसतं. त्याला भीती वाटली. खांद्याच्या भीतीपेक्षा ही थंड होती आणि हिला कुठलाही डॉक्टर शिवणार नव्हता.

तेवीस वर्षं. केबिनचं छप्पर त्यानं लाइलबरोबर घातलं होतं. तिथून निघताना चूल विझवून राख बाहेर न्यायची, पाणी काढून टाकायचं म्हणजे नळ फुटत नाहीत, उंदरांसाठी पिठाचा डबा घट्ट लावायचा, हे सगळं त्यानं गेल्या वर्षी केलं होतं. शेवटचं करतोय असं न समजता. ते बरंच झालं, असं आता त्याला वाटलं. समजून केलं असतं तर हात चालले नसते.

सहाला बारा मिनिटं कमी होती. त्यानं भिंतीवरचा फोन उचलला आणि दुकानाच्या कार्डावरचा नंबर लावला.

ब्रिटानंच उचलला. मागे दुकानातली गडबड होती, शनिवारची. "मिस्टर झास्ट्रो! मला वाटलंच. चिठ्ठी अजून तशीच आहे. येताय का?"

"नाही. त्या वॉसॉवाल्याला दे."

"काय झालं? किमतीचं असेल तर मी मालकाशी बोलून बघते, थोडंफार..."

"किंमत बरोबर आहे. इतकं चांगलं काम मी फार दिवसांनी पाहिलं. ज्यानं केलं त्याला सांग." तो थांबला. एवढ्यावर फोन ठेवता आला असता. तिला वाईट वाटलं नसतं, तिचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. "मी जात नाही आता," तो म्हणाला. "सीझनला. तेच सांगायचं होतं."

दुकानात कुणीतरी तिला हाक मारली. कुणीतरी कसलातरी बोल्ट मागे ओढून सोडला आणि तो आवाज तारेतून त्याच्या कानात आला, बारीक होऊन. कॅश रजिस्टरचा खण उघडला. दोन पुरुष हरणाच्या शिंगांवरून वाद घालत होते, एक म्हणत होता दहा फाटे, दुसरा म्हणत होता, दहा तुझ्या स्वप्नात. दाराची घंटा वाजली. ब्रिटानं "आले, एक मिनिट," असं कुणाला तरी सांगितलं आणि मग ती काही बोलली नाही, पण तिनं फोनही ठेवला नाही. ऑर्व्हिलनंही ठेवला नाही. तो स्वयंपाकघरात उभा होता, गॅस बंद, कान फोनला घट्ट लावलेला, श्वास हलका.

"मिस्टर झास्ट्रो," ती शेवटी म्हणाली. "आहात ना तुम्ही?"

"आहे," तो म्हणाला.